फुलाला जागा

भूकंपाआधीचं आमचं गाव ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना एक गोष्ट आधी सांगावी लागते. त्या गावात अंगण फार थोड्या घरांना होतं. किल्लारीच्या आजूबाजूची सगळीच गावं तशी. घराला घर लागून, भिंतीला भिंत खेटून. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडाचं माळवद आणि त्यावर मातीचा थर. बोळ एवढे अरुंद की समोरून बैलगाडी आली तर माणसानं कोणाच्या तरी दारात सरकायचं.

असं का बांधलं असेल, त्याची कारणं म्हाताऱ्या माणसांकडून ऐकली. एक तर काळी जमीन पिकाची, ती घरात घालवायची नाही. गाव पांढरीवर आणि शेत काळीत, हा जुना हिशेब. दुसरं कारण भीतीचं. आमचा मुलूख निजामाच्या राज्यातला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानातच होतो. दरोडेखोर आणि शेवटी रझाकार यांच्या गोष्टी आमच्या आजीच्या पिढीनं भोगलेल्या. त्यामुळं गाव मुठीसारखं आवळून बसलेलं. अशा गावात फूलझाड लावायचं कुठं?

तरी फुलं होती. वाड्याच्या चौकात तुळशीजवळ एखादा मोगरा असायचा. न्हाणीचं पाणी भिंतीतून बाहेर पडायचं तिथं कर्दळ आणि गुलबाक्षी असायची. बाकीची सगळी फुलं शेतात, विहिरीवर. मोटेचं पाणी ज्या थारोळ्यात पडायचं त्याच्या कडेला शेवंती, गुलछडी, कण्हेर. माझ्या लहानपणी मोटा संपत आल्या होत्या, विजेच्या मोटारी आल्या होत्या, पण थारोळी तशीच होती आणि त्यांच्याकडेची फुलंही. देवाला फूल पाहिजे तर पोरांनी सकाळी विहिरीवर जायचं. म्हणजे आमच्याकडं फुलाची जागा माणसानं ठरवलेली नव्हती. सांडलेल्या पाण्यानं ठरवलेली होती.

माझी माय एकच वाक्य म्हणायची, "लेकरा, पाणी कुठं सांडायलंय ते बघ आधी. मग झाड लाव." तिला शाळा ठाऊक नव्हती. मी दहावी झालो, तेही गावातला पहिल्या-दुसऱ्या पोरांत. पण झाडाच्या बाबतीत माझं सगळं शिक्षण तिच्या हाताखाली झालं.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. विहिरीनं तळ गाठला आणि थारोळं कोरडं पडलं. माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची, आम्हा पोरांना तिथं सुकडी मिळायची. त्या वर्षी विहिरीवरची शेवंती गेली, कर्दळ गेली. कण्हेर राहिली. गुलबाक्षी वरून वाळून गेली, पण पुढच्या मिरगात तिच्या जमिनीतल्या कांद्यातून पुन्हा वर आली. कोणतं झाड कशावर जगतं, हे तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

मग ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे चार वाजायला आले होते. मी त्या रात्री आखाड्यावर होतो म्हणून वाचलो. घरात बा होता आणि थोरली चुलती होती, ती दोघं गेली. मायला ढिगाऱ्यातून काढलं. ज्या रुंद भिंती आम्हाला उन्हापासून आणि चोरांपासून राखायच्या, त्याच अंगावर आल्या. सरकारी मोजणीत जवळपास आठ हजार माणसं गेली. दुसऱ्या दिवशी पितृपंधरवडा लागला. त्या सालचा पितृपंधरवडा आमच्या भागात कोणी पाळला असं म्हणता येणार नाही, आणि कोणी पाळला नाही असंही म्हणता येणार नाही.

तीन आठवड्यांनी दसरा आला. तुरीच्या बांधाला लावलेला झेंडू नेहमीसारखा फुलला होता. तोरण बांधायला दार नव्हतं. मायनं पाटीभर फुलं तोडली आणि जिथं सगळ्यांना एकत्र अग्नी दिला होता तिथं नेऊन टाकली. कोणीतरी म्हणालं, दसऱ्याची फुलं देवाची असतात. ती म्हणाली, "औंदा ह्यांचीच."

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं की झेंडू मूळचा मेक्सिकोचा. त्याच्या एका जातीला आफ्रिकन झेंडू म्हणतात, पण तीही तिकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक समुद्रावरून आले, त्यांच्याबरोबर तो आपल्याकडं आला. म्हणजे ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या १२९० साली इथं झेंडू नव्हता. दसऱ्याचा आपटा इथला, झेंडू पाहुणा. आणि त्याच्या मूळ देशात नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्या माणसांची आठवण करतात तेव्हा घरात आणि थडग्यांवर हेच फूल पसरतात. मायला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं केलं ते मात्र तेच.

भूकंपानंतर आधी पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. मग नवं गावठाण झालं. पुरती पडलेली पन्नासवर गावं अशी दुसऱ्या जागी वसवली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणं लहानमोठं घर. दोन घरांत अंतर. जन्मात पहिल्यांदा आमच्या घराला चारी बाजूंनी मोकळी जागा मिळाली. पण ती जागा म्हणजे माळ. वर चार बोटं माती, खाली मुरूम. सावलीला झाड नाही. बायका म्हणायच्या, "हितं तर कावळा बी बसना." काहींचं मन लागेना म्हणून ते दिवसभर जुन्या पडक्या गावात जाऊन बसायचे.

आमच्या गल्लीत फुलझाडं लावायला पहिल्यांदा बायकांनीच सुरुवात केली. सरकारनं घर दिलं होतं, भिंती कुठं येणार ते दुसऱ्यानं ठरवलं होतं, शेजारसुद्धा चिठ्ठीनं ठरला होता. घरासमोरच्या त्या दहा-पंधरा फुटांत काय कुठं येणार, तेवढंच आपल्या हातात होतं. म्हणून ते नीट करावं, असं मायच्या मनात असणार.

जुन्या गावात नुसतं पाणी बघून भागायचं. इथं पहिल्यांदा ऊन बघावं लागलं. मायनं पहिल्या वर्षी काहीच लावलं नाही. संक्रांतीला घराची सावली दुपारी कुठवर जाते तिथं दगड ठेवला. अक्षय्य तृतीयेला पुन्हा बघितलं, तर दगड उन्हात आणि सावली भिंतीच्या पायाशी. मला हे आधी खुळेपणाचं वाटलं, पण हिशेब बसतो. आमचा भाग विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण अठरा अंशांवर आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कलतो, तेव्हा दहा फुटांच्या भिंतीची सावली भर दुपारी उत्तरेला नऊएक फूट पडते. मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी सावली नाहीशी होते. नंतर जुलैअखेरपर्यंत तो आपल्या उत्तरेलाच असतो. म्हणजे घराच्या उत्तरेची जागा उन्हाळ्यात भाजते आणि हिवाळ्यात दिवसभर सावलीत राहते. कार्तिक-मार्गशीर्षात फुलणारी शेवंती तिथं लावली तर ती पानंच दाखवणार.

आमच्या घराची वाटणी अशी झाली. पूर्वेला सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली, तिथं गुलाब आणि जास्वंद. दक्षिणेला बारा महिने ऊन, तिथं मोगरा, शेवंती, झेंडू. मोगऱ्याला लोक सावलीत लावतात, मग पानं हिरवीगार आणि कळी नाही. त्याला पुरतं ऊन लागतं, आणि हिवाळ्यात पाणी तोडून छाटणी केली की उन्हाळ्यात तो भरतो. उत्तरेला अबोली, तिला थोडी सावली चालते. पश्चिमेच्या भिंतीवर चारनंतरचं ऊन आग ओकतं, तिथं बोगनवेल आणि सदाफुली.

पाण्याची जागा मात्र जुनीच राहिली. न्हाणीचं आणि भांड्याचं पाणी परसात जिथं निघतं तिथं कर्दळ, अळू आणि गुलबाक्षी. कर्दळ आणि गुलबाक्षी दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, पण आमच्याकडं इतक्या रुळल्या की न्हाणीच्या मोरीवर त्यांचाच हक्क. गुलबाक्षी दिवस कलताना उमलते. आमच्या घरची म्हणते, गुलबाक्षी उघडली की धारेची वेळ झाली, घड्याळ बघायला नको.

मातीचं काम सगळ्यात कष्टाचं. मुरमात दोन फुटांचे खड्डे घेतले. शेतातली काळी माती गाडीनं आणली, त्यात शेणखत आणि निघालेला मुरूम थोडा परत मिसळला. नुसती काळी माती भरली असती तर पावसाळ्यात खड्ड्याचं टाकं झालं असतं, कारण मुरमाच्या भिंतीतून पाणी लवकर जिरत नाही आणि काळी माती पाणी सोडत नाही. गुलछडीचा कांदा अशा ठिकाणी कुजतो. ती मूळची मेक्सिकोची, तिला ऊन आणि निचरा दोन्ही पाहिजे. आम्ही ती ओट्याच्या कडेला उंच वाफ्यात लावली. रात्री वास घराकडं येतो, आणि उन्हाळ्यात बाहेर बाजेवर झोपणाऱ्याला तो मिळतो.

पांढरा चाफा तर उलट. त्याला आमचा मुरूमच मानवला. त्याची फांदी तोडून लगेच लावायची नसते. आठ-दहा दिवस सावलीत ठेवून चीक वाळू द्यायचा, मग खोचायची, आणि पाणी बेतानं. देवळापाशी पिढ्यान्‌पिढ्या बघितलेलं हे झाडही मध्य अमेरिकेकडचं आहे, हे कळलं तेव्हा देवळाच्या पुजाऱ्याला मी सांगितलं. त्याला ते पटलं नाही. तो म्हणाला, "दादा, देवापुढं एवढी वर्षं उभा हाय, आता त्याला कुठला म्हणायचा?" मला उत्तर देता आलं नाही.

बोगनवेल ब्राझीलची. १७६६ साली जगप्रवासाला निघालेल्या बोगनवील नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीच्या मोहिमेत एक वनस्पतिशास्त्रज्ञ होता, त्यानं ती पाहिली आणि कप्तानाचं नाव तिला मिळालं. तिला खाऊ घातलं, पाणी पाजलं, की नुसती वाढते. जरा हाल केले की फुलते. पण काटेरी आहे, म्हणून जायच्या-यायच्या वाटेवर नको. कुंपणावर बरी.

जागा ठरवताना आणखी एक गोष्ट बघावी लागते, आणि ती खेड्यात शहरापेक्षा जास्त महत्त्वाची. घरात जनावर आहे का आणि लहान लेकरू आहे का? कण्हेरीचं पान, फूल, मूळ सगळं विषारी. पिवळी बिट्टी तर त्याहून वाईट, आणि तिच्या बियांनी पोरं खेळतात. जुन्या गावात कण्हेर विहिरीवर असायची, गोठ्यापासून लांब. नव्या गावात प्लॉटच्या कोपऱ्यात गोठा आणि त्याला लागून कुंपण, म्हणून काहींनी कुंपणाला कण्हेर लावली. जनावरं तिला एरवी तोंड लावत नाहीत. पण छाटलेल्या फांद्या वाळून कडब्यात मिसळल्या तर वैरणीबरोबर जातात, आणि वाळल्यानं तिचं विष जात नाही. आमच्या गल्लीत एक वासरू असं गेलं. त्यानंतर मायनं सगळ्यांना सांगून कण्हेरी रस्त्याच्या बाजूला हलवायला लावल्या.

सदाफुलीचंही तसंच. तिला शेळी खात नाही म्हणून ती कुंपणाबाहेरसुद्धा टिकते. ती मूळची मादागास्कर बेटावरची. १९५८ च्या सुमारास कॅनडातल्या संशोधकांना तिच्या पानांत कॅन्सरवर चालणारं द्रव्य सापडलं, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरचं एक मोठं औषधही याच झाडातून निघालं. हे ऐकून कोणी साखरेसाठी, कोणी आणखी कशासाठी तिची पानं चावतात. तसं करू नये. औषध कारखान्यात मोजून काढलेलं असतं. पानात किती आहे ते आपल्याला मोजता येत नाही.

शेवंतीची गोष्ट मात्र आम्हाला कोणी शिकवलेली नव्हती. शेजारच्या काकूंची शेवंती गल्लीत सगळ्यात चांगली. दक्षिणेची जागा, शेणखत, वेळेवर शेंडे खुडलेले. दोन वर्षं फुलांनी लगडली. तिसऱ्या वर्षी गल्लीत दिव्याचा खांब आला तो नेमका त्यांच्या वाफ्याशेजारी. त्या हिवाळ्यात शेवंती कंबरेएवढी वाढली आणि दिव्याकडची बाजू फुललीच नाही. काकू म्हणाल्या, कोणाची तरी नजर लागली. लिंबू-मिरची बांधून झाली.

पुढं एका शेतीच्या मासिकात मला कारण सापडलं. १९२० साली अमेरिकेच्या शेतीखात्यातल्या गार्नर आणि अलार्ड या दोघांनी शोधून काढलं की काही झाडं दिवसाची लांबी मोजतात. तंबाखूची एक जात उन्हाळ्यात काही केल्या फुलेना. त्यांनी ती रोज ठरावीक वेळ अंधाऱ्या खोपीत ठेवली, तर फुलली. शेवंती त्याच जातकुळीतली. रात्र मोठी व्हायला लागली की ती कळी धरते, आणि रात्रभर दिवा असेल तर तिला रात्र झालेलीच कळत नाही. फुलांचे व्यापारी शेतकरी आता मुद्दाम बल्ब लावून शेवंती मागं ठेवतात आणि बाजार बघून फुलवतात. ती मूळची चीनची, तिथं फार जुन्या काळापासून लावलेली. विजेचा खांब तिच्या वाट्याला कालपरवा आला. काकूंनी वाफा घराच्या आडोशाला, अंधाराच्या बाजूला हलवला. पुढच्या कार्तिकात फुलं आली. जुन्या गावात विहिरीवर ठार अंधार असायचा, म्हणून ही अडचण आम्हाला कधी आलीच नव्हती.

या सगळ्या जागांची परीक्षा २०१६ च्या उन्हाळ्यात झाली. लातूरला त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशानं पाहिलं. आमच्या गावात टँकर यायचा. घागरीला घागर लावून बायका उभ्या असायच्या. अशा वेळी फुलझाडाला ताजं पाणी घालणं पाप. माय तेव्हा ऐंशीच्या आसपास होती. तिनं सांगून टाकलं, "माणसाच्या तोंडचं पाणी झाडाला घालायचं न्हाई. न्हाणीतून गेलेलं जेवढं जाईल तेवढं जाऊ द्या." त्यातही भांडी राखेनं घासायची, म्हणजे साबण कमी जाईल.

त्या वर्षी गुलाब गेला. जास्वंद अर्धी वाळली. शेवंतीचे धुमारे मायनं एका फुटक्या घागरीत मातीत लावून न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवले, तेवढे वाचले आणि त्याच धुमाऱ्यांवर पुढं चार घरांची शेवंती झाली. मोरीवरची कर्दळ आणि गुलबाक्षी तगली. चाफ्यानं पानं झाडून टाकली आणि उघड्या फांद्यांवर फुलं धरली. बोगनवेल तर कधी नव्हे एवढी फुलली. टँकरच्या रांगेतल्या बायका तिच्याकडं बघायच्या. एकजण म्हणाली, "हिला लाज बी वाटंना." सगळ्या हसल्या. त्या उन्हाळ्यात लोक हसले असे प्रसंग मला फार आठवत नाहीत.

त्यानंतर दोन वर्षांनी माय गेली. आता आमच्या नव्या गावठाणाला तीसवर वर्षं होत आली. दोन पोरांचं कुटुंब वाढलं, प्रत्येक प्लॉटात मागंपुढं खोल्या निघाल्या. उरलेल्या जागेत सिमेंटचे ब्लॉक बसवायची चाल आली आहे. चिखल होत नाही, गाडी उभी करता येते, हे खरं आहे. आमच्याही पोरानं ब्लॉक आणून टाकले. सूनबाईनं मला विचारलं, "मामा, झाडं कुंडीत लावली तर चालतील का?"

मी म्हणालो, शेवंती, मोगरा, गुलाब चालतील. कुंडीला खाली भोक पाहिजे, आणि ऊन फिरलं की कुंडी फिरवता येते, हा फायदाच. पण चाफा, बोगनवेल आणि मोरीवरची कर्दळ जमिनीतच राहू दे. २०१६ सारखं साल पुन्हा येणार. कुंडीतलं झाड दोन दिवस पाण्यावाचून राहत नाही, जमिनीतलं दोन महिने काढतं. आणि ब्लॉकखालून पाऊस जिरत नाही, तो नालीनं गावाबाहेर जातो. मग बोअरला पाणी कुठून येणार?

तिनं पोराशी बोलून दक्षिणेची चार फूट पट्टी आणि मोरीजवळचा तुकडा मोकळा ठेवून घेतला. पश्चिमेचा चाफाही वाचला. त्याच्या बुंध्याभोवती ब्लॉक गोल कापून बसवलेत. गवंड्यानं त्याचे शंभर रुपये जास्त घेतले. ते मी माझ्या खिशातून दिले.